माहिती सुरक्षा म्हणजे काय? आधार, बँक खातं आणि मोबाइल कसा सांभाळावा

सातबारा, आधार कार्ड, पासबुक पूर्वी घरातल्या पत्र्याच्या पेटीत असायचं. कुलूप लावलं की काम भागायचं. आता हे सगळं मोबाइलमध्ये आलंय. या माहितीची राखण करणे म्हणजेच माहिती सुरक्षा. तिच्यात तीन गोष्टी येतात.

गुप्तता : आपली माहिती नको त्या माणसाला दिसू नये. आधारची झेरॉक्स देण्याऐवजी ‘मास्क्ड आधार’ चालत असेल तर तेच द्यावे. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

अचूकता : आपल्याला न विचारता कुणी नोंद बदलू नये. बँकेतला मोबाइल नंबर परस्पर बदलला, तर पैसे निघाल्याचा मेसेज आपल्याला येतच नाही.

उपलब्धता : गरजेच्या वेळी माहिती हाताशी असावी. बरेच महिने रिचार्ज न केलेला नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला मिळतो. बँकेत तोच नंबर असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो. नंबर बदलला की आधी बँकेत आणि आधारमध्ये बदलून घ्यावा.

फसवणूक कशी होते?

‘पीएम किसान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सअॅपवर येते. ती इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की मोबाइलमधले मेसेज, म्हणजे ओटीपीही, चोराला दिसू शकतात. फाइल ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून खरी समजू नये. त्या माणसाचा मोबाइल आधीच चोराच्या ताब्यात असू शकतो.

यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

अंगठ्याचं कुलूप

आधारवर अंगठा लावून पैसे काढताना ओटीपी लागत नाही. म्हणून आधारच्या अॅपमधून किंवा वेबसाइटवरून ‘बायोमेट्रिक लॉक’ लावता येतं. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. जाण्याआधी तात्पुरतं उघडावं.

पैसे गेलेच तर

लाजेपायी गप्प बसू नये. लगेच १९३० वर फोन करावा, बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी तक्रार झाली तर ते तिथेच अडवता येतात. उद्या बघू म्हटलं की उशीर होतो.