स्प्रेडशीट संरक्षण

स्प्रेडशीट संरक्षण म्हणजे संगणकीय तक्त्यातील आकडे, मजकूर व सूत्रे अनवधानाने किंवा परवानगीविना होणाऱ्या बदलांपासून राखण्याची सोय होय. संरक्षित तक्ता सहसा वाचता येतो, परंतु त्यात फेरबदल करता येत नाहीत. संपादनाचा अधिकार परत मिळविण्याचा मार्ग कुलूप कोणत्या प्रकारचे आहे यावर ठरतो.

== कुलपांचे प्रकार ==
काही कुलुपे नावापुरतीच असतात. ईमेलद्वारे आलेली फाइल एक्सेलमध्ये 'प्रोटेक्टेड व्ह्यू' या स्थितीत उघडते. पाठविणारा विश्वासू असल्यास 'एनेबल एडिटिंग' हे बटण दाबणे पुरेसे ठरते. 'अंतिम' अशी खूण केलेली फाइलही कोणीही पुन्हा संपादनासाठी खुली करू शकतो.

कार्यालयातील सामायिक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडी असल्यास ती केवळ वाचनासाठी मिळते. अशा वेळी एक्सेल त्याच फोल्डरमध्ये एक लहानशी लपलेली फाइल तयार करते. संगणक अचानक बंद पडल्यास ही फाइल मागे राहते आणि मूळ तक्ता कोणी उघडलेला नसतानाही कुलूपबंद दिसतो. तो खरोखरच कोणाकडे उघडा नाही याची खात्री करून ती लपलेली फाइल काढून टाकता येते.

पासवर्ड लावलेले पत्रक हा याहून गंभीर प्रकार. जुन्या एक्सेलमध्ये पासवर्डाऐवजी त्यावरून काढलेली अवघ्या १६ बिटांची संख्या साठविली जाई; त्यामुळे अनेक वेगवेगळे पासवर्ड एकाच कुलपाला लागू पडत. एक्सेल २०१३ पासून ही पद्धत बरीच कडक झाली. तरीही पत्रकाचे कुलूप ही गोपनीयतेची हमी नव्हे, कारण आतील मजकूर सांकेतिक रूपात बदललेला नसतो. याउलट फाइल उघडण्यासाठीच पासवर्ड ठेवला असेल, तर संपूर्ण फाइल कूटबद्ध होते. तो विसरल्यास मायक्रोसॉफ्ट कंपनीही तो परत देऊ शकत नाही. जुनी प्रत शोधणे हाच व्यवहार्य उपाय उरतो.

== मालकी आणि अधिकार ==
गूगल शीट्समध्ये अधिकार खात्याशी जोडलेला असतो. केवळ वाचनाची मुभा असलेल्यास मालकाकडे संपादनाची विनंती पाठविता येते. कर्मचाऱ्याने कार्यालयाचा तक्ता स्वतःच्या खासगी खात्यात तयार केला आणि त्याची बदली झाली, की खरी अडचण उभी राहते. प्रत काढून काम चालविता येते. पण मूळ तक्ता तसाच राहतो आणि दोन तक्त्यांतील आकडे हळूहळू वेगळे होत जातात. संस्थेच्या खात्यातील फाइलची मालकी मात्र प्रशासक दुसऱ्याकडे सोपवू शकतो.

मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे किंवा त्यातील माहितीत फेरफार करणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ खाली येते. अप्रामाणिक हेतूने तसे केल्यास कलम ६६ प्रमाणे ते शिक्षेस पात्र ठरते.

== सातबाऱ्याचे उदाहरण ==
सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना कुलूपबंद तक्त्याचा अनुभव येतो तो सातबारा उताऱ्यामुळे. गाव नमुना ७ व १२ हे मुळात तक्तेच. महाराष्ट्रात त्यांचे संगणकीकरण झाले आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. खातेदाराला उतारा पाहता येतो, बदलता येत नाही. तलाठ्यालाही नोंद परस्पर खोडता येत नाही. वारस किंवा खरेदीची नोंद गाव नमुना ६ मध्ये फेरफार म्हणून घेतली जाते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणीकरणानंतरच सातबारा बदलतो.

हस्तलिखितावरून संगणकात उतरविताना नाव किंवा क्षेत्र चुकले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागतो. क्षेत्रात एका गुंठ्याची चूकही पीककर्जाच्या वा विक्रीच्या वेळी अडसर ठरते. मालकीचा वाद या कलमाने मिटत नाही. त्यासाठी अपील किंवा दिवाणी न्यायालय हाच मार्ग आहे.

दुरुस्तीचा भक्कम आधार म्हणजे जुना हस्तलिखित सातबारा व संबंधित फेरफार. सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने स्थापन झाला व १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले, त्यामुळे मधल्या वर्षांच्या कागदांवर जुने नाव आढळल्यास ती चूक समजू नये.