प्रोस्टाग्लँडीनचे विघटन : एका विकराचा इतिहास आणि वऱ्हाडातील पशुधन

वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या द्रव्याचा शोध ठळकपणे नोंदला जातो. शरीर ते कसे नष्ट करते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रोस्टाग्लँडीनच्या बाबतीत असेच घडले. बेर्गस्ट्रम, साम्युएलसन व वेन यांच्या १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचा उल्लेख सर्वत्र आढळतो. परंतु आंगार्ड व साम्युएलसन यांनी १९६४ मध्ये गिनीपिगच्या फुप्फुसात दाखविलेली विघटनक्रिया क्वचितच चर्चिली जाते. तिच्यामागील विकराचे नाव १५-हायड्रॉक्सिप्रोस्टाग्लँडीन डिहायड्रोजिनेज असे लांबलचक असले, तरी कार्य नेमके आहे. पंधराव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाचे ते कीटो गटात रूपांतर करते आणि रेणू जवळजवळ निष्प्रभ होतो. रक्तात सोडलेले प्रोस्टाग्लँडीन फुप्फुसातून एकदा जाताच बहुतांशी नाहीसे होते, हे फेरेरा व वेन यांनी १९६७ मध्ये दाखविले.

मग गर्भाशयात निर्माण झालेले प्रोस्टाग्लँडीन बीजांडापर्यंत पोहोचते कसे? मॅक्क्रॅकन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मेंढीवरील प्रयोगांतून उत्तर दिले : ते गर्भाशयाच्या शिरेतून लगतच्या बीजांड-धमनीत परस्पर झिरपते. फुप्फुसाचा फेरा टळतो, पीतपिंड विरतो व जनावर माजावर येते. गायीतही हीच व्यवस्था आहे.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्यात, जेथे पूर्णाथडी म्हैस हा अल्पभूधारकाचा मोठा आधार आहे, तेथे या ज्ञानाचे मोल केवळ ग्रंथगत नाही. उन्हाळ्यात म्हशीचा मुका माज लक्षात येत नाही आणि एक वेत लांबते. माज आणण्यासाठी गाई-म्हशींना नैसर्गिक रेणूसमान डायनोप्रोस्ट २५ मिलिग्रॅम द्यावे लागते, तर क्लोप्रोस्टेनॉल अवघे अर्धा मिलिग्रॅम पुरते. या तफावतीचे एक कारण असे की, क्लोप्रोस्टेनॉलच्या बदललेल्या रचनेवर सदर विकराची मात्रा सहज चालत नाही. (औषधनिर्मितीचा हा इतिहास वस्तुतः त्या विकराला चकविण्याचाच इतिहास होय.)

तथापि पीतपिंड परिपक्व नसेल तर सुई वाया जाते, आणि जनावर गाभण असेल तर गर्भपात संभवतो. म्हणून गर्भतपासणी आधी आवश्यक ठरते. हे द्रव्य त्वचेतूनही शोषले जात असल्याने गरोदर स्त्रियांनी व दमेकऱ्यांनी ते हाताळू नये, असा इशारा औषधासोबत दिलेला असतो; आपल्याकडे गोठ्यातील बरेचसे काम स्त्रियाच करतात.