ध्वनियंत्रांचा प्रवास आणि नुकसानभरपाईचा इतिहास

आपल्यापैकी अनेक घरांच्या माळ्यावर अद्याप एखादा कर्ण्याचा फोनो, एखादी पायपेटी किंवा कपाटाएवढा रेडिओग्राम धूळ खात पडलेला आढळतो. त्यांवर कोणाचे गाणे वाजले, कोणत्या उत्सवात ती यंत्रे बाहेर निघाली, हे घरातील वडीलधारी मंडळी हौसेने सांगतात. परंतु ही जड आणि नाजूक चीजवस्तू मुंबई-कलकत्त्याहून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव किंवा हैदराबादेपर्यंत धड कशी पोहोचली, वाटेत मोडली तर नुकसान कोणी सोसले, याचा विचार सहसा होत नाही. संगीताच्या इतिहासात हे प्रकरण नसते. ते पार्सल ऑफिसच्या दप्तरात आणि कायद्याच्या पुस्तकात असते. त्याचा थोडासा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रारंभ कलकत्त्यापासून करावा लागतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी तेथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या मुक्कामात पाचशेहून अधिक मुद्रणे झाली. मुद्रणाची सर्व यंत्रसामग्री जहाजाने आली होती. आणि मुद्रण झालेल्या मेणाच्या मूळ तबकड्या जहाजानेच जर्मनीतील हॅनोव्हरला गेल्या. तेथे त्यांवरून छाप तयार झाले आणि विक्रीच्या तबकड्या १९०३ मध्ये पुन्हा समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आल्या. ऊन लागले तर विरघळणारे व नख लागले तर बिघडणारे मेण अर्धी पृथ्वी ओलांडून सुखरूप पोहोचले, म्हणून ते स्वर आज आपल्याला ऐकता येतात. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदा येथे कंपनीचा कारखाना निघाला आणि ही समुद्रयात्रा बरीचशी थांबली. मात्र कारखान्यापासून ग्राहकाच्या दिवाणखान्यापर्यंतची वाट तशीच उरली.

ती वाट सोपी नव्हती. तबकडी चपडा लाख व दगडाची पूड यांच्या मिश्रणाची असे. वजनाला भारी आणि काचेसारखी ठिसूळ. जाणते व्यापारी तबकड्या कधी आडव्या रचत नसत. त्या उभ्या, एकमेकींना घट्ट टेकवून, लाकडी खोक्यात भरत आणि चारही बाजूंना पेंढा दाबत. आडव्या थरातील खालच्या तबकड्यांवर वरचा सगळा भार येतो आणि एका धक्क्यात तळाचा थर तडकतो. फोनोची तऱ्हा निराळी. कर्णा, साउंडबॉक्स आणि फिरती थाळी काढून वेगळी बांधावी लागे, आणि चावीची कमान पूर्ण उतरवावी लागे. पुढे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आले तेव्हा व्हॉल्व्ह काढून स्वतंत्र गुंडाळणे आणि जड ट्रान्सफॉर्मरला खालून आधार देणे, हे शहाणपण आले. यंत्राचे वजन एका बाजूला एकवटलेले असले, की पेटी आपटताच ते वजनच यंत्राचा शत्रू होते.

तथापि सर्वोत्तम बांधणीलाही एक ठिकाण पुरून उरे. ते म्हणजे जेथे रूळांचे माप बदलत असे ते स्थानक. आपल्या वसाहतींच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. मुंबईहून इंदूरला येणारा माल खंडव्यापर्यंत रुंदमापी गाडीने येई. तेथे तो उतरवून होळकर संस्थानातून जाणाऱ्या मीटरमापी गाडीत चढवावा लागे. बेळगाव आणि गोव्याकडे जाणाऱ्या मालाची अशीच उलथापालथ पुण्यास होई. हैदराबादचा माल वाडीमार्गे आला तर सरळ येई, मनमाडमार्गे आला तर तेथे त्याला गाडी बदलावी लागे. ग्वाल्हेर रुंदमापी मार्गावर होते खरे; पण तेथून पुढे भिंड-शिवपुरीला जायचे तर शिंदे सरकारची दोन फुटी रेल्वे, आणि बडोद्याच्या आसपास डभोईकडे जायचे तर गायकवाड सरकारची अरुंदमापी रेल्वे. गोव्याच्या पेट्यांना तर पोर्तुगीज अंमलात सरहद्दीवरील जकातीची तपासणीही चुकत नसे. मुंबईतल्या मुंबईत राहणाऱ्या पेटीपेक्षा आपल्याकडे येणाऱ्या पेटीला दोन-चार हात अधिक लागत. माल गाडीच्या धावण्याने फारसा मोडत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मोडतो. आणि मोडला कोठे हे सिद्ध करणे तेथेच सर्वांत कठीण असते.

कायद्याचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. रस्त्याने व जलमार्गाने माल नेणाऱ्यांसाठी १८६५ चा वाहक कायदा होता. माल हरवला वा मोडला तर वाहकाची हयगय सिद्ध करण्याचा भार मालकावर नाही, असे त्याचे उदार तत्त्व होते. रेल्वेला मात्र १८९० च्या कायद्याने सौम्य वागणूक मिळाली. शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी घेतली, की रेल्वेची जबाबदारी संपली. शिवाय या कायद्याला विशेष मूल्याच्या वस्तूंची एक यादी जोडलेली होती. सोने, मोती, घड्याळे, काचसामान यांच्या पंक्तीत संगीताची व शास्त्रीय उपकरणेही होती. अशा मालाची किंमत १०० रुपयांहून अधिक असेल तर ती बुकिंगच्या वेळी जाहीर करावी आणि मागितल्यास जादा आकार भरावा. ते न केल्यास रेल्वे जबाबदार नाही. चार पैसे वाचवण्यासाठी किंमत न लिहिणाऱ्याला त्या चार पैशांत संपूर्ण पेटीचे मोल मोजावे लागे.

याखेरीज ‘रिस्क नोट’ नावाचे छापील कागद असत. बांधणी सदोष असेल तर ‘ए’ नमुना. कमी दराने, मालकाच्या जोखमीवर माल पाठवायचा तर ‘बी’ नमुना. इंग्रजी न जाणणारा प्रेषक दर कमी म्हणून सही करी, आणि पुढे पूर्ण नग गहाळ झाला तरी रेल्वेची जाणूनबुजून केलेली हयगय त्यालाच सिद्ध करावी लागे. वाटेत काय घडले हे ठाऊक असणार रेल्वेला, आणि सिद्ध करणार ग्राहक! १९२४ मध्ये हे नमुने सुधारले. माल आपल्या ताब्यात असताना त्याची व्यवस्था कशी लावली, हे ठराविक प्रकरणांत रेल्वेने उघड करावे, असे बंधन आले. १९६१ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९६२ पासून, काही अपवाद वगळता रेल्वेवर सार्वजनिक वाहकाची पूर्ण जबाबदारी आली. त्या अपवादांत सदोष बांधणी मात्र कायम राहिली. १९८९ मध्ये रेल्वे दावा न्यायाधिकरण सुरू झाले आणि दिवाणी न्यायालयातील हेलपाटे कमी झाले.

आज लागू असलेल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातील दोन गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. माल मोडलेल्या किंवा छेडछाड झालेल्या अवस्थेत आला, तर तो कर्मचाऱ्यांसमक्ष उघडून ताब्यात घेण्याची मागणी करता येते आणि रेल्वेने ती मान्य केली पाहिजे. तसेच माल रेल्वेच्या स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी दावा गेला पाहिजे. रस्त्याच्या वाहतुकीसाठी १८६५ च्या कायद्याच्या जागी २००७ चा कायदा आला. त्यात नोटिशीची मुदत बुकिंगपासून १८० दिवसांची आहे. जास्त किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल तर भरपाई मर्यादित राहते. जुन्या यादीतील तत्त्व नव्या कायद्यात असे जिवंत आहे.

आमच्या शहरातील एका जुन्या मंडळाचे उदाहरण येथे देणे अस्थानी ठरू नये. १९८० च्या दशकात मंडळाने उत्सवासाठी मुंबईहून ट्रकने मोठा ॲम्प्लिफायर मागवला. पेटी आली ती एका कोपऱ्यावर दबलेली. चालक सहीसाठी घाई करीत होता; ‘माल सुस्थितीत मिळाला’ हे शब्द पावतीवर छापलेलेच होते. मंडळाचे खजिनदार निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी ते शब्द खोडले, कोपरा दबल्याचा शेरा लिहिला, पेटी चालकासमक्ष उघडली आणि त्याची सही घेतली. आत ट्रान्सफॉर्मर बैठकीसह उखडला होता. वाहतूकदाराने प्रथम बांधणीचा दोष काढला. पण विक्रेत्याच्या बांधणीची नोंद, बिल्टी, दुरुस्तीचा अंदाज आणि तो शेरा हे चारही कागद मुदतीत समोर ठेवल्यावर बरीचशी रक्कम मंडळास मिळाली. त्या वर्षी उत्सवात उसन्या यंत्रावर गाणी वाजली. पण वर्गणीदारांचा पैसा बुडाला नाही.

शासकीय सेवेत अनेक वर्षे कागद हाताळल्यावर आमची धारणा झाली आहे, की दावे बहुधा न्यायालयात हरत नाहीत; ते माल स्वीकारतानाच्या दोन मिनिटांत हरतात. संकोचापोटी शेरा न लिहिणे ही आपली जुनी खोड. ‘बिचाऱ्या हमालाचे काय जाईल’ असे म्हणून आपण कोरी सही करून देतो. वस्तुतः शेरा हमालाविरुद्ध नसतो. पेटी कोणत्या हाती असताना मोडली याची ती नोंद असते.

आता रुळांची मापे बहुतेक ठिकाणी एक झाली आहेत. तरी घरची जुनी यंत्रे मुलांकडे पुण्या-बंगळुरास पाठवण्याचे प्रसंग आपल्या कुटुंबांत वारंवार येतात. अशा वेळी थाळी व व्हॉल्व्ह वेगळे बांधावेत, तबकड्या उभ्या भराव्यात, खरी किंमत लिहावी, बांधण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि पोहोचल्यावर पेटी पाहूनच सही करावी. आजोबांनी खंडव्याच्या फलाटावर हमालांच्या मागे धावत सांभाळून आणलेला फोनो इतक्या काळजीला निश्चित पात्र आहे.