औषध नसलेला आजार

आजचा विषय घरातूनच आलाय. ताईचं बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. आधी नुसतं शिंकत होतं. तिसऱ्या दिवशी छातीत घरघर, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, आणि दूध ओढवेना. ॲडमिट केलं. निदान, ब्रॉन्किओलायटिस. उपचार काय, तर नाकाला ऑक्सिजन, सलाइनचे थेंब आणि नळीने दूध. ॲंटिबायोटिक नाही, नेब्युलायझर नाही. मी डॉक्टरांवर चिडलोच. "अहो, काहीतरी औषध द्या ना!" ते शांतपणे म्हणाले, "ऑक्सिजन हेच औषध."

मग मी वाचत बसलो. १९६३ मध्ये रेनॉल्ड्स आणि कुक या डॉक्टरांनी हेच लिहून ठेवलं होतं, की ऑक्सिजन सोडला तर कशाचाही उपयोग होतो याला पटण्यासारखा पुरावा नाही. तरी पुढची पन्नास वर्षं स्टिरॉइड, साल्ब्युटामॉल, सगळं वापरून झालं. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, हे नेहमी देऊ नका. कारण साधं आहे. दम्यात श्वासनळीचे स्नायू आवळतात, ते साल्ब्युटामॉल सैल करतं. इथे मात्र बारीक नळ्यांचं अस्तर सुजलेलं असतं, आत कफ आणि मेलेल्या पेशी अडकलेल्या. सैल करणार काय? आणि आजार विषाणूचा, त्यामुळे ॲंटिबायोटिकही बेकार.

हा विषाणू बहुतेक वेळा आरएसव्ही असतो. गंमत म्हणजे तो आधी चिंपांझींमध्ये सापडला, १९५६ मध्ये अमेरिकेत, सर्दी झालेल्या माकडांच्या नाकात. (चिंपांझीला माकड म्हणणं चूक आहे, माहितीये, पण बोलताना तेच येतं.) लगेच पुढे रॉबर्ट चॅनॉक यांना तोच बाल्टिमोरच्या तान्ह्या बाळांमध्ये मिळाला.

विषाणू मिळाला, मग लस का नाही? इथे गोष्ट फार वाईट वळण घेते. १९६६ मध्ये फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस बाळांना टोचली. पुढे खरा विषाणू आला, तेव्हा लागण झालेल्या लस घेतलेल्या बाळांपैकी सुमारे ८० टक्के हॉस्पिटलात गेली. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के. दोन बाळं दगावली. आईबापांनी भल्यासाठीच दंड पुढे केला होता ना! त्या धक्क्याने लसीचं काम कित्येक दशकं रखडलं.

चूक कुठे झाली, याचा मोठा धागा २०१३ मध्ये हाती लागला. विषाणूच्या अंगावरचं एफ प्रथिन पेशीत शिरताना आकार बदलतं. जुन्या लसीत त्याचा बदललेला आकारच होता, म्हणून शरीराने निकामी प्रतिपिंडं बनवली. बार्नी ग्रॅहम आणि जेसन मॅकलेलन यांनी मूळ आकार पकडून दाखवला. हीच युक्ती पुढे कोरोनाच्या लशींत कामी आली. २०२३ मध्ये अमेरिकेत गरोदर आईसाठी आरएसव्हीची लस आणि बाळासाठी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दोन्ही मंजूर झाली.

ताईचं बाळ सहाव्या दिवशी घरी आलं, खोकला मात्र दोन आठवडे राहिला. तुमच्या घरी तान्हं असेल आणि श्वास भराभर चालू असेल, दूध निम्म्यावर आलं असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर हा एपिसोड बंद करा आणि थेट हॉस्पिटल गाठा.