खोताचे कूळ, गिरणीचा कामगार

आमच्या वाडीतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘अर्धेल’ हा शब्द सहज यायचा. भात झोडले की निम्मे खोताचे, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. पुढे नोकरी सांभाळून जुने कागद वाचू लागलो, तेव्हा या शब्दाचे दुसरे टोक मुंबईत सापडले.

रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवली, हे आपण अभिमानाने सांगतो. कारण मात्र क्वचित सांगतो. १८८० च्या कायद्याने खोतीच्या वहिवाटीला सरकारी चौकट मिळाली. धान्याचा वाटा आणि वर वेठ देऊन कुळाच्या घरात उरलेल्या भातावर वर्ष निघत नसे. मग तरणा मुलगा बोटीने मुंबई गाठी आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावचे देणे फिटे. गिरणीतल्या मजुरीचा हिस्सा असा खोतापर्यंत पोचत होता. कूळ आणि कामगार एकाच घरातले होते.

शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी १९३३ पासून संप चालवला होता. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले. १९३७ ला प्रांतिक निवडणुका झाल्या. मताधिकार मर्यादित होता, तरी लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ प्रथमच आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांचा जन्मही रत्नागिरीचाच. विधेयक मात्र मंजूर झाले नाही.

त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपापूर्वी नोटीस आणि तडजोडीची सक्ती आली. ती डावलून केलेला संप बेकायदा ठरणार होता. संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी आंबेडकरांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला. कायदा तरीही झाला.

दोन्ही लढे तेव्हा हरले, असे म्हणता येईल. मला तसे वाटत नाही. मत मिळाले म्हणजे लोकशाही आली, असे मानण्याच्या काळात या माणसांनी विचारले, की पोट दुसऱ्याच्या हाती असताना मत आपले कसे राहील? खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, तेव्हा हा प्रश्न जुना झाला होता.

आमच्या वाडीने मला अर्धेल सांगितली, मोर्चा सांगितला नाही. तुमच्या माळ्यावर खंडाच्या पावत्या किंवा मनिऑर्डरीची कुपने असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. आधी वाचा.