मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पहावी

1986 साली मी अर्थशास्त्रात एम.ए.ला बाहेरून नाव घातलं. पोस्टात कारकून होते, कॉलेजात जाऊन बसणं शक्यच नव्हतं. दिवसभर शिक्के मारायचे आणि रात्री शाईच्याच बोटांनी वहीत आलेख काढायचे. सासूबाईंनी विचारलं, "कसलं शास्त्र म्हणालीस?"

"अर्थशास्त्र."

"म्हणजे लक्ष्मीचंच की!"

मी हसले. हसायला नको होतं. लोकहितवादींनी याच विषयावर 1849 मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'लक्ष्मीज्ञान'. गावच्या वाचनालयातल्या एका जुन्या ग्रंथसूचीत मला ते दिसलं, आणि मग ती सूची सोडवेना.

मुंबई विद्यापीठ 1857 चं. हा विषय मराठीत त्याच्याही आधी आला होता. 1843 मध्ये रामकृष्ण विश्वनाथ हिंदुस्थानच्या प्राचीन आणि सांप्रतच्या स्थितीवर लिहून गेले. 1854 मध्ये हरि केशवजी आणि विश्वनाथ नारायण मंडलीक यांनी इंग्रजीवरून 'देशव्यवहारव्यवस्था' आणलं. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा'. सहा वर्षांत एका शास्त्राची तीन बारशी! टिकलं शेवटचं. माझं मत विचाराल तर 'देशव्यवहार' टिकायला हवा होता. व्यवहार म्हटला की वाण्याची उधारी, लग्नातला आहेर, मनीऑर्डरीची वाट बघणारी म्हातारी, सगळं त्यात येतं. अर्थ म्हटला की लोक खिसा चाचपतात.

पण वरचं शिक्षण इंग्रजीत गेलं. रानड्यांनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर गाजलेलं व्याख्यान दिलं, ते इंग्रजीत. आंबेडकर 1915 मध्ये कोलंबियात एम.ए. झाले, प्रबंधाचा विषय प्राचीन भारताचा व्यापार, भाषा अर्थात इंग्रजी. त्यांना दोष कसा द्यायचा? सरकारशी भांडायचं तर सरकारला कळेल त्याच भाषेत भांडावं लागतं. फक्त तोवर मराठी शब्द फारसे कुणी वापरले नाहीत, आणि पुढे एम.ए. मराठीतून लिहिता येऊ लागलं तेव्हा ज्याने त्याने आपापले पाडले.

त्याचा प्रसाद मला 1988 च्या परीक्षेत मिळाला. प्रश्न होता: 'तटस्थता वक्राची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.' माझ्या गाईडात हा शब्दच नव्हता. शेजारची मुलगी पेन चावत बसली होती. प्रश्नपत्रिकेवर नेहमीची ओळ होती, 'संदर्भासाठी मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पहावी.' पाहिली. 'इंडिफरन्स कर्व्ह.' अरे, हा तर आमचा समवृत्ती वक्र! दोन वर्षं मी तो गहू आणि ज्वारी घेऊन गिरवला होता: गहू थोडा कमी, ज्वारी थोडी जास्त, समाधान तेवढंच. मराठीतला प्रश्न कळायला मी इंग्रजीकडे गेले, आणि मराठीत उत्तर लिहायला परत आले.

वक्र आरंभबिंदूशी बहिर्वक्र काढला. दुसरा त्याच्या वर, पहिल्याला न छेदता. आडव्या अक्षावर गहू, उभ्यावर ज्वारी. वर ठळक अक्षरांत 'समवृत्ती' लिहिलं आणि तपासणाऱ्याची गैरसोय नको म्हणून कंसात 'तटस्थता'.