प्रिंटरच्या यादीतलं ‘टॉपसीक्रेट’

लिनक्सवर प्रिंटर जोडताना ब्राउझरमध्ये ६३१ क्रमांकाचं पोर्ट उघडलं की छपाई सांभाळणाऱ्या कप्स या प्रणालीचं पान येतं. त्यात ‘बॅनर’ नावाचा एक कप्पा आहे. छपाईच्या आधी आणि नंतर कोणतं पान जोडायचं, ते तिथे ठरतं. यादी उघडा. ‘क्लासिफाइड’, ‘कॉन्फिडेन्शिअल’, ‘सीक्रेट’, ‘टॉपसीक्रेट’. बिलं आणि हजेरीपत्रकं छापणाऱ्या मशीनवरही हे शब्द असतात. बहुतेक जण ‘नन’ ठेवून पुढे जातात. मी तिथे थांबतो, कारण सक्तीच्या प्रवेश-नियंत्रणाचं कूळ शोधायला निघालं की वाट छपाईवरूनच जाते.

सक्तीचं का म्हणायचं? युनिक्सचा मूळ नियम मर्जीचा. फाइल माझी, तर ती कुणी वाचायची ते मी ठरवणार, आणि रूटला कुणीच अडवणार नाही. लष्करी कागदांना हे चालत नाही. गोपनीय कागद ज्याच्या टेबलावर आहे, त्याच्या मनात आलं म्हणून तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. अमेरिकेत मायटर या संस्थेत डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापादुला यांनी १९७३ साली हवाई दलासाठी हा नियम गणितात बसवला: आपल्या पातळीच्या वरचं वाचायचं नाही, खाली लिहायचं नाही. १९८३ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने सुरक्षित संगणकाच्या कसोट्या छापल्या. मुखपृष्ठ नारिंगी, म्हणून नाव पडलं ‘ऑरेंज बुक’.

त्या पुस्तकात छापील मजकुरासाठी वेगळं कलम आहे. बी१ दर्जा हवा असेल, तर छपाईच्या सुरुवातीला आणि शेवटी, शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्याला आणि तळाला गोपनीयतेची पातळी उमटली पाहिजे. फाइल मशीनमध्ये आहे तोवर तिच्यावर पहारा असतो. कागद ट्रेमध्ये पडला की पहारा संपला. पुढे त्याची ओळख सांगायला त्याच्यावरची शाईच उरते.

पण पातळीचा शिक्का मारणाऱ्या प्रोग्रामला बगल देऊन कुणी थेट प्रिंटरकडे मजकूर पाठवला तर? अर्ल बोबर्ट आणि रिचर्ड केन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय मांडला. शिक्का नसलेला मजकूर हा एक टाइप, शिक्का असलेला दुसरा. पहिला वाचून दुसरा लिहायची मुभा फक्त शिक्का मारणाऱ्याला, आणि प्रिंटर चालवणाऱ्याला फक्त दुसराच वाचता येतो. म्हणजे शिक्क्याशिवाय कागद बाहेर पडायला वाटच नाही. मला ही रचना फार देखणी वाटते. कुणाची पातळी किती वरची हा हिशेबच इथे लागत नाही. कोण कोणतं काम करतो एवढंच पाहायचं. लिनक्सवर सक्तीचं नियंत्रण आणणाऱ्या एसईलिनक्सच्या नियमांत नावांच्या शेवटी जो ‘_टी’ असतो, तो याच ‘टाइप’चा.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, युटा विद्यापीठाच्या साथीने फ्लास्क ही रचना उभारली, ती लिनक्समध्ये आणली आणि २२ डिसेंबर २००० रोजी एसईलिनक्स सर्वांसाठी खुलं केलं. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलमध्ये ते सामील झालं आणि २००४ च्या फेडोरा कोअर ३ मध्ये सुरुवातीपासूनच चालू ठेवलेलं आलं.

इकडे मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये कप्सचं काम हाती घेतलं होतं. कप्सची मुख्य प्रक्रिया रूट म्हणून चालते, नेटवर्कवरून कामं घेते आणि कुठून कुठून आलेले फिल्टर नि ड्रायव्हर चालवते. इथे धोक्याची दिशाच उलटली. पूर्वी मशीनमधला मजकूर कागदावरून निसटू नये ही काळजी होती; आता छपाईच्या वाटेने मशीनमध्ये कुणी शिरू नये, ही. म्हणून एसईलिनक्सच्या नियमावलीने, म्हणजे पॉलिसीने, या प्रक्रियेला स्वतःचं डोमेन दिलं, कप्सडी_टी. रांगेतल्या कामांच्या फोल्डरला प्रिंट_स्पूल_टी, प्रिंटरच्या उपकरणाला प्रिंटर_डिव्हाइस_टी, ६३१ पोर्टला आयपीपी_पोर्ट_टी. रूट असो वा नसो, पॉलिसीत ज्याची परवानगी लिहिलेली नाही, ते होणार नाही.

जुनी काळजीही मेली नव्हती. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ ला २००७ मध्ये लेबलवाल्या सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालं. त्या कामासाठी कप्समध्ये पॅच घालून, छापणाऱ्याचं एसईलिनक्स लेबल पानावर उमटेल अशी सोय केली गेली.

आता रोजच्या कामातली गोष्ट. एका ऑफिसात डिस्क भरली, म्हणून स्पूल, म्हणजे रांगेतल्या कामांचा फोल्डर, नव्या डिस्कवर हलवला होता. मालकी बरोबर, परमिशन बरोबर, तरी एकही काम छापेना. तिथल्या मुलाने सेटएनफोर्स ० केलं, म्हणजे एसईलिनक्सची अडवणूक बंद केली, छपाई सुरू झाली, आणि सर्व्हर तसाच उघडा राहिला. मी एलएस -झेड करून पाहिलं. नव्या फोल्डरवर लेबल होतं डीफॉल्ट_टी. सीमॅनेजने त्या जागेसाठी प्रिंट_स्पूल_टी नोंदवलं, रिस्टोअरकॉन चालवलं, सेटएनफोर्स १ केलं. दोन मिनिटं लागली. एका फोल्डरचं लेबल चुकलं होतं, आणि त्यापायी अख्ख्या सर्व्हरचा पहारा उठवला होता. नकारांच्या नोंदीवरून परवानगीचे नियम बनवणाऱ्या ऑडिटटूअलाऊने दिलेला नियम न वाचता डकवणं हा त्याचाच धाकटा भाऊ. तिथे नकाराचीच परवानगी होऊन बसते.

हा पहारा कशासाठी, ते सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा दिसलं. कप्सच्या परिवारातली कप्स-ब्राउझ्ड ही प्रक्रिया ६३१ वर कुणाचंही ऐकत होती. परका माणूस तिच्या मार्फत खोटा प्रिंटर जोडू शकत होता, आणि त्यावर कुणी काही छापलं की त्या परक्याची आज्ञा मशीनवर चालत होती.

तेव्हा पुढच्या वेळी प्रिंटर अडला, तर सेटएनफोर्स ० टाइप करण्याआधी ऑडिट लॉगमधली नकाराची ओळ वाचा. कुणी, कशावर, काय करायला गेलं, ते तिथे लिहिलेलं असतं.